तारेच्या दोरावरचा पंप

फराफ्रा, १४ ऑगस्ट

प्रिय रऊफ,

सलाम. मी बरी आहे. आत्याचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. खजूर पिवळे पडू लागलेत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र कैरोच्या बसवाल्याच्या हाती देते आहे.

आत्याच्या विहिरीतला आपला सौर पंप छान चाललाय असं लिहायला बसले होते. लिहवत नाही.

एवढ्या खोल पाण्यात मोटरीवर सेन्सर टिकत नाही, म्हणून तिच्यातलं चुंबक कुठे आहे हे आपला प्रोग्रॅम तिच्याच विजेवरून ताडतो. मोटर थांबली की तो आंधळा. त्यात पाइपातलं पाणी खाली उतरताना तिला उलटं फिरवतं. ते शांत होईपर्यंत थांबायचं, असं मी प्रोग्रॅममध्ये घातलं होतं. तू म्हणालास, "धूळ आली की पंप डुलकी काढतो, गावकरी हसतात." आणि मला न विचारता ते थांबणं काढून टाकलंस!

काल धुळीने ऊन झाकलं, पंप बंद पडला आणि लगेच ऊन आलं. मोटर उलटी फिरत होती, प्रोग्रॅमला वाटलं स्थिर आहे, त्याने ती एकदम सुलटी सुरू केली. असा हिसका बसला की पाइपाचे आटे सुटले. आता पंप नुसत्या तारेच्या दोरावर लोंबकळतोय. दोर तुटला तर पंप खाली अडकून विहीर कायमची गेली, आणि आत्याला दुसरी विहीर नाही. मला फार भीती वाटते, रऊफ.

आत्याला मी "किरकोळ दुरुस्ती आहे" एवढंच सांगितलं होतं. आज सकाळी भाकऱ्यांचे गोळे फुगायला उन्हात ठेवता ठेवता ती म्हणाली, "माझ्या रऊफने बनवलाय, दगा नाही देणार. शुक्रवारी नमाजानंतर सगळ्या गावाला बघायला बोलावलंय मी."

मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं.

"ते थांबणं कोणी काढलं?" तिने विचारलं.

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण गं? तुला खोटं बोलता येत नाही, उगाच कष्ट घेऊ नकोस."

मग ती भाकऱ्यांवर फडकं टाकत म्हणाली, "आमंत्रण तसंच राहू दे. लोक पंप वर काढताना बघतील. आणि दोराला पहिला हात रऊफ लावेल."

तू आला नाहीस तर तो हात मी लावेन. पण मग मला ताई म्हणू नकोस.

शुक्रवारपर्यंत तरी तुझीच,
नग्वा