जाऊबाईंच्या दातांतला पारा

ती. ताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरून). तुझे गुडघे आता जिना चढू देतात का, ते कळव. इथे सगळे माझी तब्येत ठणठणीत समजतात, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

धाकट्या जाऊबाईंचे हात महिनाभर थरथरत होते. दातांत भरलेल्या चांदीत निम्मा पारा असतो आणि तो मेंदूत जातो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. झालं. सासूबाईंनी त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं, भाऊजी पाठीला उशी आणून देऊ लागले. ताई, त्यांची चांदी दोन दातांत, माझी पाचांत. तरी माझी विचारपूस कोणी करीना (उलट त्यांच्या वाटची भांडी माझ्याकडे आली). मग मीही विसराळू झाले. सासऱ्यांचा चष्मा फ्रीजमध्ये ठेवून पाहिला. "लक्ष कुठे असतं तुझं?" एवढंच पदरात पडलं.

शेवटी आम्ही दोघी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, चांदीतून पाऱ्याची वाफ निघते, पण अगदी थोडी. तिच्यामुळे मेंदूचे आजार होतात असं अजून सिद्ध झालेलं नाही. आणि नीट बसलेली चांदी उगाच कोरून काढली, तर त्या वेळी वाफ उलट जास्त निघते. मी हळूच म्हटलं, माझ्यापुरती थोडी शंका तरी कागदावर लिहा. त्यांनी लिहिलं, 'दात उत्तम'.

जिन्यात जाऊबाई कठडा धरून थांबल्या. म्हणाल्या, "वहिनी, पारा असता तर बरं होतं. काढून तरी टाकला असता. माझ्या बाबांचं असंच सुरू झालं होतं."

(त्यांच्या वडिलांना शेवटी पाण्याचा पेलाही धरता येत नव्हता.) ताई, पहिल्यांदाच मला त्यांचा हेवा वाटला नाही. त्यांचा हात धरून जिना उतरवला. दुसऱ्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. तपासण्या झाल्या, रक्तात थायरॉइड वाढलेलं निघालं. दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही दोघी पोटभर रडलो. आता गोळ्यांनी थरथर पुष्कळ कमी आहे.

आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, धाकटीने किती धीराने घेतलं. धाकटीने, ताई.

तुझी,
छबडी

ता. क. : वरचं सगळं मी मोठ्या मनाने लिहिलं आहे.

पुन्हा ता. क. : खरं काम असं, की सासूबाईंना एक पत्र टाक. 'हिची प्रकृती लहानपणापासून नाजूक' एवढं पुरे. आजार तूच ठरव. थायरॉइड नको, ते घरात होऊन गेलं.

शेवटचा ता. क. : पत्राची ही युक्ती जाऊबाईंचीच. मजकूरही त्यांनीच सांगितला. मला मेलीला एवढंही सुचलं नाही.