शेवटच्या मोसमाचे प्रेक्षक

कॅल्डर, पेनसिल्व्हेनिया
९ ऑक्टोबर १९९४

प्रिय एमिल,
स. न. वि. वि.

तब्येत कशी आहे आणि दक्षिणेतल्या उन्हात बसून बहिणीची आठवण येते की नाही, ते आधी कळव. मग बातमी ऐक. कॅल्डरमध्ये बेसबॉल परत येतोय! म्हणजे, येऊ पाहतोय. छोट्या शहरांची एक नवी लीग निघाली आहे, मोठ्या संघांशी काही देणंघेणं नसलेली. त्यांचा माणूस, लेव्हरिंग नावाचा, आपलं स्टेडियम पाहून गेला. मोडक्या बाकावर बसून त्याने कोबीच्या पानांत खिमा भरलेल्या माझ्या हातच्या हलुप्की दोनदा मागून खाल्ल्या आणि त्यातला कोबी कुठला म्हणून विचारलं. माणूस बरा वाटला. संघ द्यायला तो तयार आहे, पण नगरपालिकेने तीन वर्षांसाठी मैदान दिलं पाहिजे आणि छप्पर दुरुस्त केलं पाहिजे. सहा डिसेंबरला शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर सभा आहे आणि तिथेच मतदान.

तू गाव बघायला हवं होतंस. पोलादाचा कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली, तरी शनिवारी साठ माणसं रंगाचे डबे घेऊन मैदानावर हजर. फादर मिहालिक शिडीवर, खाली त्यांना सूचना देणाऱ्या सात बायका. डझुरिक खाटीक आता सत्तरीचा आहे, पण गुडघे टेकून तण उपटत होता. अशा माणसांत आपण राहतो याचा मला फार अभिमान वाटला.

अडचण एकच आहे. नगरपालिकेने बोलावलेला तज्ज्ञ म्हणतो की पंचाहत्तर साली, आपल्या जुन्या संघाच्या शेवटच्या मोसमात, सामन्याला सरासरी सहाशे चाळीस माणसं यायची. कारखाना धडधडत होता तेव्हा ही गत, तर आता कोण येणार? यावर बोलायला मला सभेत तीन मिनिटं मिळाली आहेत. सातव्या इनिंगला माइकवरून प्रेक्षकांचा आकडा तूच सांगायचास. चांगल्या गर्दीचे काही दिवस आठवत असतील तर लिहून पाठव.

उत्तर लवकर आलं तर लोभ वाढेल, उशिरा आलं तर आहे तेवढ्यावर भागव.

तुझी,
व्हेरोन्का


२१ ऑक्टोबर १९९४

चि. व्हेरोन्का,
अ. उ. आ.

सहासष्ट वर्षांच्या बाईला आशीर्वाद देणारा मी एकटाच उरलो आहे, तेव्हा मुकाट्याने घे. तब्येत ठीक. डॉक्टर म्हणतो मीठ सोडा, मी म्हणतो डॉक्टर सोडतो.

फादरना शिडीवर चढवलंत? धन्य तुमची. पत्र वाचून हसलो. कॅल्डरच्या लोकांसारखे लोक मला पुढे कुठेच भेटले नाहीत. म्हणूनच सांगतो, या फंदात पडू नका. आता मोठ्या संघांतल्या खेळाडूंचाच संप चालू आहे, तिथे छोट्यांचं काय खरं? दोन वर्षांत गाशा गुंडाळतील आणि तुमचं पुन्हा मन दुखेल. एकोणीस वर्षांपूर्वीचे आकडे कोणाला आठवतात? जुनं उकरून काय मिळणार?

तुझ्या बटाटा भरलेल्या पिरोगी गोठवून पाठवता येतात का, याची चौकशी कर. भावावर माया ठेव.

तुझा,
एमिल


१ नोव्हेंबर १९९४

प्रिय एमिल,
स. न. वि. वि.

पिरोगी मिळणार नाहीत. मी काय विचारलं आणि तू काय लिहिलंस! प्रत्येक सामन्याची वही भरणारा माणूस, तुला कोणत्या पिचरने कधी नाक शिंकरलं तेही आठवतं, आणि गर्दी तेवढी आठवत नाही?

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. त्या शेवटच्या उन्हाळ्यात माझ्या जोला कारखान्यात दुसरी पाळी होती, त्यामुळे त्याला फक्त तीन रविवारी मैदानावर येता आलं. मी घरी येऊन आकडा सांगितला की तो जेवता जेवता थांबायचा. संघ गेला तेव्हा म्हणाला की आपणच गेलो नाही, मग ते तरी कशाला राहतील? माझा नवरा मरेपर्यंत हेच म्हणत राहिला. एकटा तोच नाही, सगळं गाव हेच म्हणतं. आजही कोणी नवं काही सुरू करायचं म्हटलं, दुकान असो की बँड, की कोणीतरी मान हलवतं आणि म्हणतं, इथे काही टिकत नाही, आपण बेसबॉलसुद्धा टिकवला नाही.

मला तेव्हा वाटायचं, अरे, बाकं तर भरलेली दिसताहेत. पण तू आकडा सांगितलास म्हणजे तो खराच असणार, असं मी धरून चालायची. तू का टाळतो आहेस, ते सरळ लिही. माझा लोभ इतका नाजूक नाही.

व्हेरोन्का


१२ नोव्हेंबर १९९४

चि. व्हेरोन्का,

आशीर्वाद द्यायचा अधिकार आज मला नाही, म्हणून तो लिहीत नाही.

आकडे खोटे होते. मालकाला, ग्रेंजरला, संघ दक्षिणेत न्यायचा होता आणि कॅल्डरला कोणी येत नाही असं लीगला दाखवायचं होतं. त्याने मला बोलावून सांगितलं की आजपासून फक्त खिडकीवर तिकीट घेतलेले मोजायचे. मोसमाचे पासवाले नाहीत, बायकांच्या सवलतीच्या दिवशी बायका नाहीत, पोरं तर नाहीतच. त्याबदल्यात नव्या शहरातही माइक माझाच. मी हो म्हणालो. स्वतःला समजावलं की हे खोटं नाही, मोजायची वेगळी पद्धत आहे.

फाटकावरचा पाव्हलिक मला रोज खरा आकडा चिठ्ठीवर द्यायचा. मी तो वहीच्या कोपऱ्यात लिहायचो आणि माइकवर दुसराच सांगायचो. अडुसष्ट सामने. खरी सरासरी अकराशे ऐंशी आहे. कॅल्डर कधीच कमी पडलं नव्हतं.

जोचं मला माहीत नव्हतं. त्याच्या अंत्यविधीला मी तुझ्या शेजारी उभा होतो.

सगळे आकडे सोबत जोडले आहेत. सभेत हे पत्र वाच. मला तोंड दाखवायची हिंमत नाही.

एमिल


१९ नोव्हेंबर १९९४

एमिल,

पत्र मिळालं. दोन दिवस मी ते आकडे पुन्हा पुन्हा वाचले. तिसऱ्या दिवशी जोच्या कबरीवर गेले आणि त्याला सगळं सांगितलं. मोठ्याने सांगितलं, लोकांनी बघितलं तर बघितलं.

हे पत्र मी वाचणार नाही. गावाने ते आकडे तुझ्या आवाजात ऐकले आणि तुझा आवाज म्हणूनच खरे मानले. माझ्या आवाजात ऐकून त्यांना वाटेल, म्हातारीने भावाकडून लिहून आणलं. येता येत नसेल तर टेप भरून पाठव. सगळ्या तारखा वाच, एकही गाळू नकोस.

थँक्सगिव्हिंगला नीट जेव. मीठ कमी घाल.

व्हेरोन्का


७ डिसेंबर १९९४

प्रिय एमिल,
स. न. वि. वि.

तुझी टेप वेळेवर पोचली. काल व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. तज्ज्ञाने तक्ते दाखवले आणि लोक नेहमीसारखे माना खाली घालून बसले. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हणाले की माझ्या भावाला काही सांगायचं आहे, आणि टेप सुरू केली.

तुझी कबुली ऐकून मागच्या रांगेतून एक सणसणीत शिवी आली. तीही तुझ्या कानावर घालते, तुझ्यासाठीच होती. मग तू तारखा वाचायला लागलास, त्याच जुन्या थाटात, प्रत्येक तारखेपुढे आजचे प्रेक्षक अमुक. माझी तीन मिनिटं संपली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि ते पालथं घालून ठेवलं.

अकरा जुलै, तेराशे सव्वीस, असं तू म्हणालास आणि एक बाई उभी राहिली. म्हणाली की त्या दिवशी मी होते, तिसऱ्या बेसच्या मागच्या बाकावर, थोरला पोटात होता. पुढच्या तारखेला दोघं उठले. मग जो तो आपापल्या तारखेला उठायला लागला. डझुरिक दर तारखेला उठत होता आणि बसत होता, शेवटी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून उभाच राहिला. माझे दिवस मी मोजलेच नाहीत. तीन रविवारी मात्र जोसाठी उठले.

शेवटची तारीख झाली तेव्हा बसलेलं जवळजवळ कोणी नव्हतं. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक नुसते एकमेकांकडे बघत होते, आणि किती वर्षांनी कॅल्डरच्या माणसांच्या माना मी वर पाहिल्या! नगरसेवकांचं मतदान सात विरुद्ध दोन झालं. मैदान दिलं.

लोक रागावलेत का, हे तू विचारशीलच. रागावलेत. डझुरिक म्हणतो की एमिल भेटला तर आधी कानाखाली वाजवीन आणि मग बिअर पाजीन. माइकवर कोण बसणार, असं लेव्हरिंगने विचारलं तेव्हा कोणी तुझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

जो असता तर त्याने तुला हसत माफ केलं असतं. माझा स्वभाव तसा नाही, मला वेळ लागेल. पण सगळ्या गावासमोर तू कबुली दिलीस आणि एकही तारीख गाळली नाहीस, याचा मला अभिमान वाटला, हेही लिहून टाकते.

पहिला सामना दोन जूनला आहे. ये. मागच्या दाराने नाही, सगळ्यांसारखा फाटकातून ये, म्हणजे त्या दिवशीच्या आकड्यात तूही धरला जाशील.

रागासकट लोभ करणारी,
व्हेरोन्का