चांदणपाला

४ मे
चांदणपाला फुलला! मागच्या अंगणात, झाडाच्या गर्द सावलीत, चटईएवढी जागा व्यापलीय. वडिलांनी रानातून एक मूळ आणलं होतं, त्याचीच ही पिलावळ. देठाभोवती पानांची चांदणी, वर पांढरी फुलं. ताज्या पानाला वास नाही. सुकायला लागलं की सुगंध सुटतो. यात देवाच्या मनात काय असेल, कोण जाणे.

५ मे
कापला. जुड्या बांधून माळ्यावर टांगल्या.

१२ मे
माळ्यावर ओल होती. निम्म्या जुड्यांवर करडी बुरशी. बायको म्हणाली, "फेका ते." वडिलांचं रोप — टाकवेना. चांगला पाला उशांत भरला, थोडा कामावर नेला. बांधणीला आलेल्या जुन्या पुस्तकांत ठेवला की कसर लागत नाही. बुरशीचा झटकला, पुन्हा वाळवला, डब्यात भरला. अक्काच्या काढ्याला चालेल. उकळलं की सगळं शुद्ध!

१३ मे
अक्का, माझी थोरली बहीण, हृदयाची झडप बदलल्यापासून आमच्याकडेच आहे. सकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी, संध्याकाळी सातला माझ्या हातचा काढा. आज पहिला घोट घेऊन म्हणाली, "बाबांच्या कोटाचा वास येतो रे." आणि लगेच, "साखर बायकोला विचारून घातलीस ना?"

२६ मे
अक्काच्या दंडावर काळानिळा डाग. "कुठं आपटलीस?" — "आपटायला मी काय चेंडू आहे?"

१ जून
आणखी तीन डाग. एक तर बोटं रुतल्यासारखा. तिला आंघोळ बायको घालते. जेवताना हिच्या हातांकडे पाहत राहिलो. हिच्या ते लक्षात आलं.
"तुम्हीसुद्धा?"
एवढंच म्हणाली. वाढत राहिली.

३ जून
अक्काला डॉक्टरांकडे नेलं. "या गोळ्यांशिवाय आणखी काही घेतात?" काहीच नाही, म्हणालो. रक्त तपासायला सांगितलंय.

८ जून
अक्काचा मुलगा आला. तिची बाही वर सारून पाहिलं. "मामा, हे काय?" मग हिच्याकडे वळून, "मामी, माझ्या आईला हात लावताना जरा —" पुढचं गिळलं. अक्का कडाडली, "गाढवा, फुलासारखं जपलंय तिनं मला!" त्याला वाटलं, भीतीनं बोलतेय. परवा घेऊन जाणार, तपासणीही तिकडेच करणार.
मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहाचे कप गोळा केले.

१० जून
अक्का गेली. निघताना हिचा हात सोडेना. पिशवीत गोळ्या, शाल आणि पाल्याचा डबा, काठोकाठ. भाच्याला बजावलं, "रोज संध्याकाळी सातला, दोन चमचे. चुकवू नकोस." त्याने नुसतं हं केलं.

११ जून
ही कामापुरतं बोलते. प्रार्थनेला बसलो. मन लागलं नाही.

१२ जून
अक्काच्या गोळ्यांची एक पट्टी चुकून दोनदा आणली होती, ती परत करायला औषधवाल्याकडे गेलो. सोबत त्याला पाल्याची एक जुडी. वास घेऊन खूश झाला. "याचं करता काय?" अक्काला काढा देतो, म्हटलं.
त्याचा चेहरा उतरला. "त्या गोळीवर? अहो, यानं रक्त आणखी पातळ होतं! बुरशी लागली की तर याचं विषच होतं. तसला नव्हता ना?"
होता, म्हणालो.
"मग नुसतं धरून उठवलं तरी डाग पडणार. डोक्यात रक्त उतरलं तर बाई हातची जाईल."
भाच्याला आठ फोन केले. उचलत नाही. निरोप लिहून पाठवला, तोही पाहिलेला नाही. हिला सगळं सांगितलं. ते डाग पाडणारे हात तुझे नव्हते, माझे होते, म्हटलं. ही चप्पल घालू लागली.

१२ जून, गाडीत
ही शेजारी बसलीय. तू कशाला, म्हटलं तर म्हणाली, "तो दारात मला अडवेल. तेवढ्यात तुम्ही आत शिरा."
पोहोचायला पावणेसात.