फसलेल्या माणसाचा सल्ला

प्रिय सौ.,

घरांची दलाली करणारे मामा स्वतः एकही घर का घेत नाहीत, हे कोडं तुलाही पडलं असेल. इथे माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त ओव्हरसियरांनी त्यातली मेख दाखवली. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "अहो, मी दिवाणखान्याला भुललो नि गळकी गच्ची पदरात पाडून घेतली!" पैसे घातलेल्यालाच दोष ठाऊक असतात; मामांचे पैसे कुठेच अडकलेले नाहीत, म्हणून ते फक्त गुण सांगतात.

त्यांच्या सल्ल्याने एका भाड्याच्या इमारतीत छोटासा वाटा घेतला आहे. देखभाल व्यवस्थापक पाहतात. भाडं माझ्याविना येतं. ते पुरेसं झालं की मी परतेन. जेवण वेळेवर होतं, फक्त दोन ताटं मांडायची सवय सुटत नाही. छकुली अजून माझ्याच उशीवर झोपते का?

मामा तुला घ्यायला सांगताहेत त्या फ्लॅटमध्ये आपली उरलेली पुंजी अडकली, तर परतणं लांबेल. म्हणून सहीआधी त्यांना एवढंच विचार: "मामा, तुम्ही कुठे फसलात?" खरं उत्तर आलं तर पुढचं ऐक, हसण्यावारी नेलं तर पेन खाली ठेव.

तुझ्याकडे निघालेला,
तुझाच