गोठ्यासह मैदानाचा नकाशा

दिनांक : १२ डिसेंबर २०२४

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, शिक्षण विभाग,
जि. कोल्हापूर.

अर्जदार : सौ. आदिती जिनेंद्र मगदूम, सहाय्यक शिक्षिका, प्राथमिक शाळा, थोरलेमाळ.

विषय : पाचवीच्या मुलांनी मोजून काढलेला मैदानाचा नकाशा ‘चुकीचा’ ठरवणारी नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस, दि. ४ डिसेंबर २०२४.

महोदय,

१. अर्जदार चौदा वर्षे परिसर अभ्यास शिकवत आहे. येत्या जूनमध्ये तिची बावीस मुले सहावीसाठी जयसिंगपूरला हायस्कुलात जातील. तिथे भूगोल, नागरिकशास्त्र स्वतंत्रपणे समोर येतात आणि नकाशा न समजणारे पोर पहिल्याच महिन्यात मागे पडते. म्हणून अर्जदाराने पाठांतर बाजूला ठेवून मुलांना शाळेचे मैदान मोजायला लावले. हाच तिचा गुन्हा.

२. मोना सयाजी सुतार हिचे वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहेत. त्यांनी मोजायचा लांब टेप आणून दिला. शाळेच्या फलकावर मैदानाची लांबी साठ मीटर आहे. मुलांना ती एकेचाळीस भरली. तीनदा मोजली, तरी एकेचाळीसच. उरलेल्या एकोणीस मीटरवर शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष श्री. बापूसो आकाराम खोत यांचा पत्र्याचा गोठा उभा आहे. मोनाने तो तपकिरी रंगात दाखवला, सूचीत ‘गोठा’ असे लिहिले, उत्तरेचा बाणही काढला. अर्जदाराने दहापैकी दहा गुण दिले. ते कमी होणार नाहीत.

३. दि. २९ नोव्हेंबर रोजी केंद्रप्रमुखांनी वर्गात येऊन मोनाला गोठा खोडून मैदान साठ मीटर दाखवण्याचा हुकूम केला. पोरीने सरळ विचारले, “सर, गोठा न्हाय म्हणायचं, तर म्हशी कुठं हाईत म्हणून दावायचं?” यावर ते ओरडले. सगळ्या वर्गासमोर त्यांनी दहा वर्षांच्या मुलीच्या हातात खोडरबर दिले आणि खोडून होईपर्यंत शेजारी उभे राहिले. दारातून अध्यक्ष महाशय म्हणाले, “बाई, इतिहास शिकवा की! आमचा गोठा कशाला मोजताय?” अर्जदारास त्या दिवशी संताप आला, तो अद्याप उतरलेला नाही.

४. गोठ्याला नोटीस नाही, नकाशाला आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी. नकाशा चुकला असेल तर केंद्रप्रमुखांनी टेप घेऊन यावे, दुसरे टोक मुले धरतील. आणि ‘मैदान पूर्ण दाखवावे, गोठा दाखवू नये’ हा खरोखर आदेश असेल, तर तो तोंडी नको, सहीशिक्क्यानिशी द्यावा.

५. वर्गात सर्वांत आधी हात वर करणाऱ्या मोनाने त्या दिवसापासून एकदाही हात वर केलेला नाही. दि. १० च्या घटक चाचणीत ‘आपल्या शाळेचे मैदान किती लांब आहे?’ असा प्रश्न होता. तिने लिहिले, “साहेब म्हणतील तेवढं.”

नोटीस मागे घ्यावी आणि केंद्रप्रमुखांनी वर्गात येऊन तोच नकाशा मोनाला पुन्हा काढायला सांगावा. हे जमणार नसेल, तर वरील उत्तराला दोनपैकी किती गुण द्यायचे, ते आपणच लेखी कळवावे.

नम्र, परंतु एकेचाळीस मीटरवर ठाम,
(सही)
आदिती जिनेंद्र मगदूम

सोबत : नोटिशीची प्रत, खोडलेला नकाशा, मोनाची उत्तरपत्रिका, गुणांचा रकाना कोरा.