आस मोडला, की मोडली?

धुळे, नोव्हेंबर १९४२. मंगळवार, संध्याकाळ.

आज एका शब्दाने चांगलीच फजिती केली. भाऊ पलटणीबरोबर आफ्रिकेत गेल्यापासून इंग्रजी पेपरातली लढाई मीच आबांना मराठीत सांगते. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी तिथे पुरत नाही, डिक्शनरी जवळ लागतेच. आज मथळ्यात ‘ॲक्सिस’ मोडल्याचं होतं. अर्थ दिलेला, ‘आस’. मी सरळ सांगून टाकलं, "आबा, आफ्रिकेत आस मोडली."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. "मंग आपला पोऱ्यानं काय?" भाऊचंच विचारत होते.

मी घाबरून सगळी बातमी पुन्हा वाचली. मागे हटत होते ते जर्मनीवाले; त्यांच्या गटालाच पेपरवाले ‘ॲक्सिस’ म्हणतात. म्हणजे ही आस आशेची नव्हेच, गाडीच्या चाकांमधला आस. आमच्याकडे त्याला आख म्हणतात, मला कसं सुचावं? पण हे आधी वाचायला नको होतं का? त्यांचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आबांना उलगडून सांगितलं. ते म्हणाले, "त्यास्ना आख मोडी गया म्हन ना, बेटा. आपली आस ऱ्हाऊ दे." आणि अजून अर्धी भाकरी मागितली.

आता पुढचे शब्द आधीच पाठ करते आहे. डिमोबिलायझेशन : लढाई संपल्यावर शिपायांना घरी सोडणे. म्हणताना जीभ अडखळते. पेपरात तो अजून आलेला नाही. येईल त्या दिवशी मला डिक्शनरी उघडावी लागता कामा नये.