आईचं सोललेलं कोपर

मंगळवार, संध्याकाळ

आईचं कोपर सोललंय. दारावर आपटलं म्हणाली. दारावर आपटून कोपरात माती जाते का?

प्रवेशाच्या अर्जात दोन मेडिकल कॉलेजांपैकी मी पहिली पसंती इथल्या, नागपूरच्या कॉलेजला देणार होते. मनातून पुण्याचं हवंय. पण मी गेले तर आईला रोज स्कूटीवर लकडगंजच्या दुकानात कामाला कोण सोडणार? खरं कारण हेच, की मलाच घर सोडायची भीती वाटते?

कोपराला हळद लावताना पुन्हा विचारलं. तेव्हा बोलली, "मैदानावर गाडी शिकून राहिली मी. तू जा वं पुण्याले."

माझी सबबच गेली. अर्जात पुणं पहिल्या नंबरवर टाकलं. उद्यापासून तिला मीच शिकवते. मी निघेपर्यंत दुसरं कोपर तरी शाबूत राहू दे.